स्वस्तातला ऑइल कॅच कॅन: बसवणीच्या नोंदी

१४ नोव्हेंबर, ६८,४१० किमी

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करण्यासाठी इंटरकूलरकडून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) येणारी जाड नळी सोडवली, तेव्हा आतून तेलाचा पातळ थर हाताला लागला आणि सर्वांत खालच्या वळणात चमचाभर काळपट तेल साचलेले दिसले. हाती वेळ होता, म्हणून मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावरचा) प्रेशर सेन्सर काढून त्या भोकातून केबल-कॅमेरा आत सोडला. दुसऱ्या सिलिंडरचे हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व एका अंगाने दिसले. दांड्याच्या मुळाशी, तव्याच्या बुडाला धरते तशी काळी, खरबरीत खपली जमली होती.

हे चार सिलिंडरचे, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेले पेट्रोल इंजिन आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्वच्या पाठीवर फवारले जाते आणि व्हॉल्व जाता जाता धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट ज्वलनकक्षात उतरते, त्यामुळे व्हॉल्वच्या पाठीवर जे चिकटते ते तिथेच भाजत राहते. चिकटणारा माल येतो तो मुख्यतः क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या, तेल असलेल्या पोकळीतून. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांना चुकवून खाली उतरतो, त्यात पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल आणि तेलाचे बारीक तुषार मिसळतात, आणि पीसीव्ही (क्रँककेसचा वायू परत इंजिनात नेणाऱ्या) व्हॉल्वमार्गे ही सगळी हवा मॅनिफोल्डमध्ये ओढली जाते. या वाटेवर एक डबा ठेवून तेल वेगळे काढायचे, एवढाच कॅच कॅनचा उद्योग आहे. मिळतील त्यांतला सर्वांत साधा कॅन मागवला आहे.

१६ नोव्हेंबर, ६८,४४५ किमी

कॅन येण्यापूर्वी इंजिनची आजची स्थिती मोजून ठेवणे आवश्यक वाटले, कारण नंतर काही बिघडले तर दोष नव्या कामाचा की जुना, हे सांगण्याचा दुसरा मार्ग नसतो.

ऑइल भरण्याच्या तोंडाचे एक जादा झाकण घेऊन त्याला भोक पाडले, त्यात नळीची तोटी घट्ट बसवली आणि तिला एक मीटर उंचीची, इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वळवलेली पारदर्शक नळी जोडली. तिच्यात निम्म्यापर्यंत रंगवलेले पाणी भरले. इंजिन तापल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) पाण्याच्या दोन पातळ्यांत ८ सेंमी फरक पडला, आणि तोही इंजिनच्या बाजूने ओढ दाखवणारा. क्रँककेसमध्ये सौम्य निर्वात आहे, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व आपले काम करत आहे. (नळी उंच ठेवण्याचे कारण उघड आहे, आखूड नळीतले पाणी इंजिनाने पिऊन टाकले असते.)

गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर आयडलिंग ७५० आरपीएम आणि दीर्घकालीन फ्यूएल ट्रिम अधिक २ टक्के दिसले. हे ट्रिम म्हणजे संगणकाने मूळ हिशेबात इंधन किती वाढवले किंवा घटवले याचा आकडा असतो, आणि तो शून्याच्या आसपास असला की मोजणीतून निसटलेली हवा आत येत नाही असे समजता येते.

२२ नोव्हेंबर

कॅन आला. साधारण ३०० मिली मापाचा, ७० मिमी व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, वर आट्यांचे झाकण, झाकणात दोन तोट्या, बाजूला पातळी दाखवणारी प्लॅस्टिकची बारीक नळी आणि झाकणाच्या मधोमध एक चिमुकला हवा-फिल्टर. दिसायला देखणा. झाकण उघडले तर आत काहीही नव्हते. दोन्ही तोट्या झाकणाच्या खालच्या अंगाला शेजारी शेजारी उघडतात, म्हणजे एकीतून आलेली हवा डब्याला वळसाही न घालता दुसरीतून निघून जाणार. आट्यांमध्ये लेथवरचा चकचकीत बुरा तसाच अडकून होता. तो थेट इंजिनात गेला असता, म्हणून डबा आधी रॉकेलने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासून धुतला.

त्यानंतर गळतीची परीक्षा घेतली. एका तोटीला बूच मारले, दुसरीला सायकलचा पंप नळीने जोडला आणि कॅन बादलीतल्या पाण्यात बुडवून हलकेच दाब दिला. फिल्टरमधून हवा येणार हे गृहीतच होते, पण पातळीच्या नळीच्या वरच्या सांध्यातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे निघू लागले आणि झाकणाच्या कडेने एका जागी, अगदी सावकाश, एकेक बुडबुडा फुगून सुटत राहिला. हा शेवटचा बुडबुडा मी दोन मिनिटे पाहत बसलो. आयडलिंगला या डब्याच्या आत मोठा निर्वात असणार आहे, आणि आज जिथून हवा बाहेर येते तिथूनच उद्या न मोजलेली हवा आत शिरणार आहे. मिश्रण पातळ होऊन पी ०१७१ हा दोष-संकेत लागण्याची ही राजरोस वाट आहे.

फिल्टर काढून त्या जागी बोल्ट आणि तांब्याचा वॉशर बसवला. असा फिल्टर उघडा ठेवून क्रँककेसचा वायू हवेत सोडण्याची हौस अनेकांना असते. पण पूर्वी सगळ्याच गाड्या हा वायू एका नळकांड्याने रस्त्यावर सोडत असत, आणि नियंत्रण नसलेल्या गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच वाटेने जात असे. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना पीसीव्ही आले ते त्यामुळेच. साठ वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न शोभेच्या फिल्टरसाठी पुन्हा उभा करण्यात अर्थ नाही.

पातळीची नळी काढून दोन्ही भोके बुजवली. झाकणाची केसासारखी बारीक ओ-रिंग टाकून तिच्या जागी थोडी जाड, नायट्राइल रबराची रिंग बसवली. सर्व आट्यांना तेल सहन करणारे सीलंट लावले. पुन्हा बादलीत बुडवले, तेव्हा पाणी शांत राहिले.

२३ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस डब्याच्या पोटात गेला.

तेलाचे मोठे थेंब वेगळे करणे सोपे असते. हवेने झटकन वळण घेतले की जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आपटतो आणि ओघळतो. पण क्रँककेसमधून येणारे बहुतेक तुषार इतके सूक्ष्म असतात की ते हवेबरोबरच वळतात, आणि मोकळ्या डब्यात खाली बसण्याइतकी सवड त्यांना मिळत नाही. त्यांच्या वाटेत भरपूर पृष्ठभाग आणि असंख्य बारीक वळणे ठेवावी लागतात, म्हणजे ते कुठे ना कुठे चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मग ठिबकतात. महागड्या कॅनमध्ये याच कामासाठी जाळ्या आणि पडदे बसवलेले असतात.

आत येणाऱ्या तोटीला खालून पितळी नळीचा तुकडा आटे पाडून जोडला, जेणेकरून हवा डब्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात उतरेल. तिच्या तोंडाच्या थोडे वर स्टेनलेसच्या पत्र्याची भोके पाडलेली चकती बसवली, चकतीवर भांडी घासण्याची स्टेनलेसची चपट्या तारेची घासणी सैलसर पसरली आणि वरून तशीच दुसरी चकती ठेवली. हवा आता खालून वर, घासणीतून झिरपत, बाहेरच्या तोटीकडे जाईल आणि पकडलेले तेल खाली, हवेच्या झोतापासून दूर राहील. बारीक लोखंडी लोकर मुद्दाम टाळली, कारण ती गंजते आणि तिचे तंतू तुटतात. हे तंतू मॅनिफोल्डच्या दिशेने निघाले तर पुढचा विचार न केलेला बरा. घासणी खरोखर गंजरोधक आहे का हे पाहण्यासाठी तिचा एक तुकडा आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवला होता. सकाळी पाणी स्वच्छ होते.

घासणी ठासून भरली नाही. वायूला अडथळा झाला तर क्रँककेसमध्ये दाब चढतो, आणि तो दाब सर्वांत आधी ऑइल सील (तेल बाहेर गळू न देणाऱ्या रबरी कड्या) शोधतो.

२४ नोव्हेंबर

जागा नक्की केली: बॅटरीच्या पुढे, एक्झॉस्टपासून सर्वांत लांब, समोरून वारा लागेल अशी. डबा जितका थंड तितके वाफेचे त्यात अधिक पाणी होते. जाड पत्र्याचा कंस कापून, कानशीने कडा मोडून, आधीपासून असलेल्या दोन बोल्टांवर बसवला. गाडीच्या अंगाला नवे भोक पाडले नाही.

३० नोव्हेंबर, ६८,७९० किमी

नळ्या जोडल्या. कूलंटसाठी वापरतात ती रबरी नळी हाताशी होती आणि मापातही बसत होती. पण त्या नळ्या सहसा ईपीडीएम रबराच्या असतात आणि हे रबर तेलाने फुगून मऊ पडते. म्हणून तेल व पेट्रोल सहन करणारी, आत धाग्याची वीण असलेली नायट्राइलची १६ मिमीची नळी घेतली. वळणावर ती बोटांनी दाबून पाहिली, कारण मऊ नळी निर्वाताने चपटी होते आणि वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. मूळ नळी न कापता अखंड काढून, चिठ्ठी बांधून ठेवली आहे. ती काढताना इंजिन कोमट होते, ते बरे झाले. थंडीत तिची प्लॅस्टिकची कडी काडकन मोडली असती.

पीसीव्ही व्हॉल्व टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, आहे. तिथून नळी कॅनच्या आत येणाऱ्या तोटीला आणि बाहेर जाणाऱ्या तोटीतून दुसरी नळी मॅनिफोल्डला, अशी जोडणी झाली. पहिल्या नळीचा उतार कॅनकडे ठेवला, म्हणजे तिच्यात वाफेचे झालेले पाणी खोलगट भागात तुंबणार नाही. इंजिन सुरू केले. आयडलिंग स्थिर, ट्रिम जागच्या जागी. संध्याकाळी फेरी मारण्याचे ठरवले.

त्याच दिवशी, रात्री

चढावर पाय दाबला की बॉनेटखालून फुस्स असा आवाज येऊ लागला आणि पाय उचलला की थांबू लागला. परत येऊन पाहिले तर झाकणाच्या कडेने तेलाचे बारीक ठिपके बॅटरीवर उडाले होते.

चूक माझी होती, आणि ती कागदावर आकृती काढल्यावर दोन मिनिटांत सापडली. मी कॅनचा विचार फक्त निर्वाताच्या बाजूने केला होता. टर्बो जोरात फिरू लागला की मॅनिफोल्डमध्ये निर्वात उरत नाही, उलट दाब असतो. तो दाब मागे फिरू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व मिटतो, पण माझा कॅन तर त्या व्हॉल्वच्या आणि मॅनिफोल्डच्या मधे बसला आहे. दर वेळी टर्बोचा दाब व्हॉल्वपाशी येऊन थांबण्याआधी डब्यात भरतो. स्कॅनरवर ०.८ बार दिसले होते; ७० मिमी व्यासाच्या झाकणावर तेवढ्या दाबाने सुमारे ३१ किलोचा भार पडतो, तोही वरच्या दिशेने. सायकलच्या पंपाने मी दिलेला हलका दाब त्याच्या जवळपासही नव्हता. मूळ नळी हा दाब मुकाट्याने सोसत होती, कारण ती त्यासाठीच बनवलेली होती.

७ डिसेंबर, ६८,८६० किमी

कॅन आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या नळीत, मॅनिफोल्डच्या जवळ, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवला. बाणाची खूण मॅनिफोल्डकडे. मत्स्यपेटीत वापरतात तसा प्लॅस्टिकचा व्हॉल्व इथे चालत नाही, कारण उष्णता आणि पेट्रोलची वाफ त्याच्या पडद्याला टिकू देत नाहीत. म्हणून धातूच्या अंगाचा आणि तेल चालणारा घेतला. बसवण्यापूर्वी तोंडाने दोन्ही बाजूंनी फुंकून खात्री केली, कारण बाण उलटा छापलेला असू शकतो यावर माझा आता विश्वास बसला आहे.

पाण्याच्या नळीने पुन्हा मोजले, तर आयडलिंगला ६.५ सेंमी ओढ आली. घासणी, व्हॉल्व आणि लांबलेली नळी मिळून दीड सेंमीचा अडथळा झाला, तो मला मान्य आहे. ट्रिम अधिक २ ते ३ टक्के. चढावर आवाज नाही, बॅटरी कोरडी.

२१ डिसेंबर, ६९,३६५ किमी

सुमारे ५०० किमीनंतर पहिल्यांदा कॅन रिकामा केला. सिरिंजने मोजले, ११ मिली निघाले. रंग दुधाळ पिवळसर, दाट, आणि वास तेलापेक्षा पेट्रोलचा अधिक. काचेच्या अरुंद बाटलीत उबदार जागी दोन दिवस ठेवले, तेव्हा खाली ढगाळ पाणी आणि वर तपकिरी तेल असे थर वेगळे झाले. तेल जेमतेम ४ मिली होते. म्हणजे थंडीत, रोजच्या आखूड फेऱ्यांत, डब्यात जमते त्यात पाण्याचाच भरणा अधिक असतो. बाटली भरलेली पाहून इंजिन तेल खात असल्याचा निष्कर्ष काढू नये, आणि कॅन फार थोर असल्याचाही काढू नये.

कॅनच्या पुढच्या नळीत पांढऱ्या कापडाचा बोळा तारेने फिरवून पाहिला. त्यावर फिकट पिवळी झाक होती, थेंब नव्हता. ही खूण मला बाटलीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण कॅनने काय पकडले यापेक्षा काय निसटले हे इंजिनच्या दृष्टीने मोलाचे आहे.

४ जानेवारी, ६९,८७० किमी

मधल्या दोन आठवड्यांत चकत्या आणि घासणी काढून, पितळी नळीही उतरवून, कॅन जसा आला होता तसा पोकळ चालवला. रस्ता तोच, अंतर तेवढेच. डब्यात ३ मिली निघाले आणि बोळा फिरवला तर तो ओला, तपकिरी होऊन बाहेर आला. हवामान दोन्ही वेळा अगदी सारखे नव्हते आणि एकेकाच फेरीवरून आकडा बांधता येत नाही. परंतु त्या दोन बोळ्यांतला फरक इतका ढळढळीत आहे की मला तरी दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही. स्वस्त कॅन म्हणजे कॅन नव्हे, कच्चा माल. घासणी धुऊन परत बसवली.

१८ जानेवारी

कडाक्याच्या थंडीची सकाळ. तळाचे बूच उघडले तर काहीच येईना. झाकण काढून पाहिले, तेव्हा तळाशी पिवळ्या लोण्यासारखा गोळा होता. पाणी आणि तेल घुसळून बनलेला हा थर तापमान शून्याखाली गेले की गोठतो, आणि तो तोटीपर्यंत चढलेला असेल तर वायूची वाट बंद होते. त्यानंतर दाबाने डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) उचलली जाणे हे त्यातल्या त्यात सौम्य नुकसान. थंडी संपेपर्यंत दर आठवड्याला कॅन रिकामा करणार. निघालेला माल पुन्हा इंजिनात ओतायचा नाही; तो वापरलेल्या ऑइलच्या डब्यात जमा होतो आणि त्याच्याबरोबर संकलनाला जातो.

१५ फेब्रुवारी, ७१,०२० किमी

इंटरकूलरची नळी पुन्हा सोडवली. आतून तेलकट होती, खालच्या वळणात पुन्हा चमचाभर तेल होते, आणि क्षणभर सगळी खटपट वाया गेली असे वाटले. मग पहिल्या दिवसाची नोंद वाचली. ज्या तेलामुळे हे काम हाती घेतले, ते तेल मुळात या वाटेने येतच नव्हते. टर्बोचा दाब असताना पीसीव्ही मिटलेला असतो, तेव्हा क्रँककेसचा वायू टॅपेट कव्हरच्या दुसऱ्या टोकाच्या ब्रीदर नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो, आणि तिथून टर्बो, इंटरकूलर, थ्रॉटल असा प्रवास करतो. माझा कॅन आयडलिंग आणि सौम्य वेगाच्या वाटेवर बसला आहे. माझी गाडी बहुतेक वेळ त्याच अवस्थेत चालते, म्हणून जागा चुकलेली नाही. चुकली होती ती माझी समजूत.

ब्रीदरच्या बाजूला दुसरा कॅन बसवता येतो. पण त्या नळीतून सौम्य वेगात ताजी, मोजलेली हवा उलट दिशेने क्रँककेसमध्ये जात असते, त्यामुळे तिथला कॅन दोन्ही दिशांना मोकळा हवा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व तिथे मुळीच चालणार नाही. एवढ्याशा तेलासाठी आणखी चार सांधे वाढवावेत असे सध्या वाटत नाही. इंटरकूलर वर्षातून एकदा धुणे त्यापेक्षा सोपे आहे.

८ मार्च, ७१,५०५ किमी

केबल-कॅमेरा पुन्हा त्याच भोकातून सोडला. खपली होती तशीच आहे, आणि ती जाणार नव्हतीच. भाजून घट्ट झालेला कोळसा कॅनमुळे सुटत नाही, तो अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीच्या झोताने उडवून काढावा लागतो. ते काम झाल्यावर स्वच्छ व्हॉल्वचे चित्र काढून ठेवीन आणि २०,००० किमीनंतर त्याच कोनातून पुन्हा पाहीन. तोपर्यंत कॅनने व्हॉल्व वाचवले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

ऊन वाढल्यापासून डब्यात दुधाळपणा जवळजवळ उरलेला नाही. शेवटच्या ४८५ किमीत ५ मिली निघाले, ते बहुतांश तेलच. यापुढे दर १,००० किमीला रिकामा करणे, दर ऑइल बदलाला घासणी रॉकेलने धुणे आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व फुंकून पाहणे असे ठरवले आहे. क्रँककेसच्या रचनेत फेरफार करणे अनेक ठिकाणी प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीवर तर त्यावरून वाद ठरलेला. वाट बंदिस्त ठेवली असली तरी मूळ नळी, तिच्या दोन क्लिपा आणि चिठ्ठी एका पिशवीत घालून डिकीत स्टेपनीच्या खाली ठेवली आहे. ती परत बसवायला मला वीस मिनिटे लागतात. आज घड्याळ लावून पाहिले.